धुऱ्यावरची हिब्रू

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याची नात आली. वर्ध्याच्या माणसाकडे पाहुणा आला की त्याला काय दाखवायचं हा प्रश्न पडत नाही. सकाळी सेवाग्राम, संध्याकाळी पवनार. तिसऱ्या दिवशीही पाहुणा राहिलाच, तर पुन्हा सेवाग्राम. त्या रीतीनं नातीला पवनारला नेलं. धाम नदीचं पाणी पाहून झालं, प्रार्थनेला बसलो, विनोबांची नाममाला सुरू झाली. जगभरच्या धर्मांनी ईश्वराला दिलेली नावं विनोबांनी तीत ओवली आहेत. पारशांचा मज्द आहे, मुसलमानांचा रहीम आहे, चीनचा ताओ आहे. शाळकरी वयापासून मी ती म्हणत आलोय. म्हणजे जीभ म्हणत आलीय. मी बहुतेक वेळा चपला जागेवर आहेत का ते पाहत असतो.

नातीनं सदऱ्याची बाही ओढली. "आजोबा, यह्व म्हणजे कोण?"

छत्तीस वर्षं मी मराठी शिकवलं. न येणाऱ्या प्रश्नाचं काय करायचं, हे मास्तराला शिकवावं लागत नाही. "घरी गेल्यावर सांगतो," म्हणालो. वर्गातली पोरं घरी जाईपर्यंत विसरायची. ही विसरली नाही. हातपाय धुवायच्या आधी तिनं पुन्हा विचारलं.

मग शोधाशोध झाली. यह्व हे ज्यूंच्या देवाचं हिब्रू नाव, चार अक्षरांचं. ऋग्वेदातही ‘यह्व’ हा शब्द आहे आणि तो अग्नीला लावलाय. दोन्हींचं नातं भाषाशास्त्रज्ञ मानत नाहीत, पण विनोबांच्या वैदिक कानाला हा योगायोग गोड लागला असणार. एवढं वाचून मी खुशीत आलो, आणि पुढच्याच ओळीत अडखळलो. ज्यू माणूस हे नाव उच्चारतच नाही. पोथीत ती चार अक्षरं आली की तो ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा प्रभू’ असं वाचतो. आणि साध्या बोलण्यात देवाला म्हणतो ‘हाशेम’, म्हणजे ‘ते नाव’. बस. म्हणजे आम्ही वर्धेकर रोज सुरात जे नाव घेतो, ते ज्यांचं आहे ते लोक ते तोंडावाटे काढत नाहीत.

हे मी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. आतून भाजीला फोडणी बसल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हिचा.

"म्हणजे त्याईच्या देवाले ते लोक ‘अहो’ म्हणते, असंच ना?"

चाळीस वर्षं झाली लग्नाला. एवढ्या काळात हिनं माझं नाव एकदा घेतलं, तेही उखाण्यात, तेही मुरमुऱ्यांच्या लाडवाचं यमक जुळवून. बँकेत विचारतात तेव्हा पासबुक पुढे करते. त्यात काही भीती नाही. आदरही फारसा आहे असं तिच्या आवाजावरून वाटत नाही. पण काही नावं हाक मारून झिजवायची नसतात, एवढं तिला कळतं. हिब्रूचा माझा पहिला धडा असा स्वयंपाकघरातून आला, आणि तोही अशा बाईकडून जिला हिब्रूचं अलेफसुद्धा ठाऊक नव्हतं. ठाऊक मलाही नव्हतं. म्हणून ठरवलं, शिकायचं.

नातीनं जाता जाता मोबाईलवर भाषा शिकवणारं एक अ‍ॅप टाकून दिलं. रद्दीवाल्याकडे जुनी पुस्तकं चाळायची सवय आहेच. तिथे इंग्रजीतून हिब्रू शिकवणारं, पहिली बारा पानं गेलेलं एक पुस्तक मिळालं. वीस रुपये. बारा पानांत नेमकी मुळाक्षरं होती.

चहाच्या टपरीवर बातमी फुटली तेव्हा मंडळींनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. आम्ही सहा निवृत्त लोक रोज सकाळी तिथे बसतो. "काहून गा मास्तर, इस्राएलले पोराकडं चालला का?" म्हटलं, पोरगा पुण्यात आहे. "मग हिब्रू कायले?" याला उत्तर नव्हतं. पण माणूस साठीनंतर योगासनं करतो, हार्मोनियम घेतो, तेव्हा कोणी कायले विचारत नाही.

आणि मराठी माणसानं हिब्रू शिकणं यात नवल तरी काय? कोकणात बेने इस्राएल हे ज्यू शेकडो वर्षं राहत आले, मराठी बोलत आले, आणि गावावरून आडनावं लावतात : पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलेल्या गलबतातून वाचले, असं ते सांगतात. पोथ्या समुद्रात गेल्या, भाषा विसरली, पण दोन गोष्टी टिकल्या. तेलाचा घाणा ते शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचं. आणि ‘श्मा’ ही एक हिब्रू प्रार्थना ओठांवर राहिली. हिब्रू पुन्हा शिकायची वेळ आली तेव्हा त्यांना ती मराठीतून शिकता यावी म्हणून जॉन विल्सन या पाद्र्यानं 1832 साली मुंबईत हिब्रूचं छोटं व्याकरण मराठीत छापलं. त्याचा डाव धर्मांतराचा होता. या मंडळींनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपला ठेवला. अस्सल कोकणी व्यवहार! पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्या मास्तरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणण्यात आयुष्य घातलं. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा 1874 साली पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्यातल्या चित्रांत मिसरमधून सुटकेची आठवण म्हणून बिनखमिराच्या रोट्या करणाऱ्या बायका चक्क लुगडं नेसून जमिनीवर बसल्या आहेत. तेव्हा टपरीवर मी सांगून टाकलं, "मी पहिला नाही. मला उशीर झालाय."

मुळाक्षरं उजवीकडून डावीकडे. आमच्या ‘ग’ला गणपती मिळाला, ‘ड’ला डबा. हिब्रूत तिसरं अक्षर गिमेल, चौथं दालेत. गिमेलचा एक पाय पुढे टाकलेला दिसतो आणि दालेत त्याच्याकडे पाठ करून उभा. असं का, याचं स्पष्टीकरण तल्मूद या ज्यूंच्या जुन्या ग्रंथात दिलंय. गिमेल म्हणजे देणारा, दालेत म्हणजे गरीब. देणाऱ्यानं गरिबाची वाट पाहत ओसरीवर बसू नये, त्याच्यामागे धावावं, म्हणून गिमेलचा पाय पुढे. आणि घेणाऱ्याला लाज वाटू नये, कोणी दिलं ते त्याला दिसू नये, म्हणून दालेतचं तोंड पलीकडे. मी वहीवर ती दोन अक्षरं मोठी काढली आणि पाहत बसलो. छत्तीस वर्षांत किती पोरांना शाळेच्या गरीब निधीतून वह्या दिल्या! सगळ्या वर्गासमोर, नाव पुकारून, एकदा तर फोटोग्राफर बोलावून. त्या पोरांची तोंडं आमच्याकडेच होती. आम्हीच म्हणायचो, कॅमेऱ्याकडे पाहा.

बालवाडीची मुळाक्षरं, आणि मला रात्री झोप लागली नाही.

लिहिताना हिब्रूत स्वर बहुधा वगळतात. तीन व्यंजनं मांडली की काना, मात्रा, वेलांटी वाचणाऱ्यानं आपल्या पदरची घालायची. ज्यानं मोडी वाचलीय त्याला हे दुःख थोडं नवं, थोडं जुनं. ओळखीचा मजकूर असेल तर भरभर वाचता येतो. नसेल तर ‘काका अजमेरला गेले’चं ‘काका आज मेले’ व्हायला वेळ लागत नाही. ज्यू धर्मगुरूंचं एक जुनं सांगणं आहे : माणसाला तोलताना पारडं त्याच्या बाजूनं झुकू द्यावं. मला वाटतं, ज्यांची लिपीच अशी, त्यांनाच हे सुचावं. समोरचा माणूस व्यंजनांसारखाच अर्धा दिसतो. तो रस्त्यानं न बोलता गेला, एवढंच लिहिलेलं असतं. ‘माजलाय’ वाचायचं की ‘काळजीत आहे’, ही मात्रा आपली. मी आयुष्यभर लाल पेन घेऊन मात्रा दिल्या, आणि आता आठवतं, बऱ्याचशा चुकीच्या जागी दिल्या.

काही शब्द भेटले ते जुन्या नातेवाइकांसारखे. हिब्रूत हिशेबाला ‘हेश्बोन’ म्हणतात. आपला हिशेब अरबीतून आला, अरबी आणि हिब्रू बहिणी, म्हणजे हा आपला मावसभाऊच. फक्त त्यांच्याकडे ‘हेश्बोन हनेफेश’ असाही एक शब्द आहे. जिवाचा जमाखर्च. दिवसाकाठी बसून आपण काय केलं ते मांडायचं. आमच्या घरी दुधाचा हिशेब कॅलेंडरवर असतो, गॅसचा कपाटाच्या दारामागे. जिवाच्या हिशेबाला जागाच ठेवलेली नाही.

आणि कापूस! हा तर मला उंबऱ्यावर भेटल्यासारखा वाटला. बायबलातल्या एस्तेरच्या पुस्तकात राजाच्या महालात पडदे टांगलेत, त्यांना शब्द आहे ‘कर्पास’. संस्कृत ‘कार्पास’, आपला कापूस. त्याच पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात राजाचं राज्य ‘होदू’पासून होतं असं म्हटलंय, होदू म्हणजे आपण. हिंगणघाटच्या जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग पाहत मी टपरीवाल्या मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, "राजाच्या घरी गेला ना? मग भाव त्यालेच भेटला असन. पिकवणाराले कवा भेटला?" एस्तेरच्या पुस्तकात खरंच पिकवणाऱ्याचं नाव नाही.

व्याकरणाच्या एका वळणानं मात्र मला खरा आनंद दिला. इंग्रजी शिकवणारे आमचे सहकारी ‘हॅव’ आणि ‘हॅज’मध्ये पोरांना वर्षभर घोळवत. हिब्रूला ते क्रियापदच नाही. ‘येश ली’ म्हणायचं. ‘येश’ म्हणजे आहे, ‘ली’ म्हणजे मला. मला दोन मुलं आहेत. माझ्याकडे शेत आहे. अगदी आपल्यासारखंच! वस्तू मुठीत नाही, ती नुसती आहे, आणि सध्या माझ्याजवळ आहे. आपली मराठी ‘मालकी’ अरबीतून आली, तिचंच नातं लागणारा ‘मेलेख’ हिब्रूत आहे, पण त्याचा अर्थ राजा. साध्या माणसाजवळ गोष्टी फक्त असतात. सेवाग्रामला विश्वस्तवृत्तीवर मी इतकी भाषणं ऐकली, पण ती माझ्या तोंडच्या व्याकरणातच बसलीय, हे मला हिब्रूनं सांगितलं.

मग ‘चेदाका’ आला. पहिला वर्ण ‘चांगल्या’तला च, इंग्रजांना तो साधत नाही, आपण जन्मजात म्हणतो. चेदाका म्हणजे गरिबाला दिलेले पैसे. मी शेजारी ‘दान’ लिहिलं. कोशात पाहिलं तर मूळ धातू न्यायाचा. त्याच धातूचा ‘चेदेक’ म्हणजे न्याय. म्हणजे देणाऱ्यानं उपकार केला नाही, पलीकडच्याचं जे होतं ते पोचतं केलं. बाराव्या शतकातले वैद्य आणि पंडित मायमोनिदिस यांनी तर देण्याच्या आठ पायऱ्या लावल्या. सगळ्यात खालची, कुरकुरत देण्याची. सगळ्यात वरची, समोरच्याला काम द्यावं, कर्ज द्यावं, भागीदार करून घ्यावं, की त्याला पुन्हा हात पसरावाच लागू नये. मी प्रामाणिकपणे आपली पायरी शोधली. खालून दुसरी निघाली.

पण हे मी कुठेतरी ऐकलेलं होतं. पवनारहून पायी निघालेल्या माणसानं 18 एप्रिल 1951 ला तेलंगणात पोचमपल्लीला पहिलं भूदान घेतलं, तेव्हा तो भीक मागत नव्हता. दान म्हणजे संविभाग, सारखी वाटणी, ही शंकराचार्यांची व्याख्या विनोबा सांगत. तुला पाच मुलगे असतील तर मला सहावा धर आणि माझा वाटा दे, असं म्हणत. चेदाका आमच्या जिल्ह्यातून चालत गेला होता, आणि मी तो वीस रुपयांच्या फाटक्या पुस्तकात शोधत होतो.

‘लशोन हारा’ या शब्दानं मात्र माझं सामाजिक जीवन धोक्यात आणलं. शब्दशः वाईट जीभ. मला वाटलं, शिवीगाळ किंवा खोटं बोलणं. नाही! माणसाबद्दल पाठीमागे वाईट बोलणं, आणि तेही खरं असलं तरी. खोटं असेल तर तो आणखी वेगळा गुन्हा. तल्मूद म्हणतो, यात तिघांचा नाश होतो : बोलणाऱ्याचा, ऐकणाऱ्याचा, आणि ज्याच्याबद्दल बोललं त्याचा. रादिन गावच्या इस्राएल मेइर कागान या धर्मगुरूंनी 1873 साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांच्या बायकोचं किराणा दुकान होतं म्हणतात. दुकानात बसून गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकल्याशिवाय या विषयावर एवढं कोण लिहील?

मी टपरीवर प्रस्ताव मांडला : आठ दिवस लशोन हारा बंद. खरी असली तरी कोणाची चुगली नाही. मंडळी हसत हसत कबूल झाली. पहिल्या दिवशी हवामान झालं. दुसऱ्या दिवशी गुडघे. तिसऱ्या दिवशी एकानं "तो आपला बँकवाला..." अशी सुरुवात केली, पाचही जण पुढे सरकले, आणि त्यानं "...बरा आहे" म्हणून वाक्य संपवलं. एवढं निराश झालेलं टोळकं मी पाहिलं नव्हतं. चौथ्या दिवशी दोघे आले नाहीत. पाचव्या दिवशी चहावाला हात जोडून म्हणाला, "गुरुजी, दोन चहावर उठून राहिले लोकं. माया धंदा बसून राहिला. थे हिब्रू घरी शिका ना जी." त्या आठवड्यात कळलं की आमची पंचवीस वर्षांची मैत्री बऱ्याच अंशी गैरहजर माणसांच्या जिवावर उभी होती. न आलेल्या दोघांबद्दल बोलायची इच्छा फार झाली.

‘शलोम’ सगळ्यांना माहीत असतो. शांती, नमस्कार, आपल्या सलामचा भाऊ. पण त्याच्याच धातूतून ‘शालेम’ म्हणजे पूर्ण, आणि ‘लेशालेम’ म्हणजे पैसे चुकते करणं. अ‍ॅपमध्ये वाक्य आलं, ‘मला बिल भरायचं आहे,’ आणि मी थबकलो. देणं फिटलं नाही तोवर पूर्ण नाही, पूर्ण नाही तोवर शांती नाही. आमच्या किराणावाल्याचे सहाशे चाळीस रुपये दिवाळीपासून राहिले होते, आणि त्याच्या दुकानासमोरून जाताना मी दर वेळी समोरच्या भिंतीवरची जाहिरात मन लावून वाचत असे. त्या संध्याकाळी पैसे दिले. त्यानं वहीवर आडवी रेघ मारली. परत येताना लक्षात आलं, जाहिरात सिमेंटची होती. दोन महिन्यांत एकदाही कळलं नव्हतं.

इथवर गंमत होती. पुढचा शब्द ‘तेशुवा’.

तेशुवा म्हणजे पश्चात्ताप. मूळ अर्थ परत येणं. आणि रोजच्या हिब्रूत तेशुवा म्हणजे उत्तर. प्रश्नाचं, पत्राचं उत्तर. एकाच शब्दात परतणं आणि उत्तर देणं. ज्यूंच्या योम किप्पूरच्या उपासाबद्दल त्यांचा जुना नियम असा की देवाविरुद्धचे अपराध त्या दिवशी माफ होतील, पण माणसाविरुद्धचे नाहीत. त्यासाठी त्या माणसाच्या दारी जावं लागेल. मोबाईलवर सगळ्यांना एकच क्षमेचा संदेश पाठवण्याची सोय त्या नियमात नाही.

हे वाचताना मला आमच्या जिल्ह्यातलंच एक न आलेलं उत्तर आठवलं. नोव्हेंबर 1938. जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली त्याला जेमतेम पंधरवडा झाला होता. गांधीजींनी, आमच्या बापूंनी, तेव्हाच्या सेगावातून, म्हणजे सेवाग्रामहून, ‘हरिजन’मध्ये लेख लिहिला आणि जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रह सुचवला. बापूंना ज्यू परके नव्हते. टॉलस्टॉय फार्मची जमीन देणारे हर्मन कॅलनबाख 1937 साली सेगावात त्यांच्याजवळ येऊन राहिले होते. पण हा लेख वाचून मार्टिन बूबर हलले. बापूंना मानणारे, हिब्रू बायबल जर्मनमध्ये आणणारे, आणि 1938 सालीच जर्मनी सोडून जेरुसलेमला आलेले. 24 फेब्रुवारी 1939 ला त्यांनी बापूंना लांबलचक पत्र लिहिलं. आदर राखून, दुखावल्या मनानं. जिथे साक्षीला कोणी उरत नाही तिथे हौतात्म्याचा अर्थ काय, हा त्याचा गाभा. ते पत्र जेरुसलेमला छापूनही निघालं. बापूंचं उत्तर कुठेही नोंदलेलं नाही.

पत्र पोचलंच नसावं असं बरेच जण म्हणतात. आणि आम्हा वर्धेकरांना यात एक बारीकशी शंका येते. त्या काळी सेगावची पत्रं सर्रास शेगावला जायची. त्या घोळापायीच तर 1940 साली गावाचं नाव सेवाग्राम ठेवलं. तेव्हा जेरुसलेमहून निघालेलं ते जड पाकीट गजानन महाराजांच्या गावी जाऊन कोणा पोस्टमनच्या झोळीत पडून राहिलं असेल का? पुरावा काही नाही, हा माझ्या मनाचा खेळ आहे. पण एका अक्षरानं, स आणि श यांच्या फरकानं, दोन मोठ्या माणसांमधलं बोलणं अर्धं राहिलं असेल, या कल्पनेनं मराठीच्या मास्तराला हसूही येतं आणि कसंसंही होतं. तेशुवा राहून गेली.

आणि माझी?

सेलू तालुक्यात आमचं वडिलोपार्जित शेत आहे. मी आणि धाकटा भाऊ, मध्ये धुरा, म्हणजे बांध. अकरा वर्षांपूर्वी मोजणी झाली तेव्हा धुरा त्याच्या बाजूनं सरकलेला निघाला, का माझ्या, यावरून वाद झाला. मुद्दा दोन तासांचा. तास म्हणजे पिकाची ओळ, विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो. दोन तासांचं भांडण अकरा वर्षं चाललं. वकील झाले, तारखा झाल्या. पाच वर्षांपूर्वी भावानं मला एक पत्र पाठवलं होतं, फोन नाही, पत्र, शाळेच्या वहीच्या पानावर. मी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या आणि घडी घालून ठेवून दिलं.

हे सगळं मनात घोळत असताना पुस्तकात ‘पेआ’ आला. पेआ म्हणजे कड, कोपरा. तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाचा नियम आहे की शेत कापताना कोपऱ्यापर्यंत कापू नये. कडेचं उभं पीक ठेवावं, खाली पडलेलं उचलू नये. ते गरिबाचं, आणि परक्याचं. आपल्याकडे सरवा वेचणारे असतात, त्यांच्यासाठीच. सरवा ही आमच्याकडे मालकाची मेहेरबानी; तिथे तो कायदा. मी शब्द वहीत उतरवला : पेआ, शेताची कड. आणि शेजारी मराठी प्रतिशब्द लिहायचा म्हणून लिहिलं : धुरा. पेन तिथेच थांबलं. एक समाज शेताची कड सोडायची कशी याचे नियम करत बसला, आणि आम्ही दोघे सख्खे भाऊ कडेसाठी कोर्टात.

‘श्मा’चा अर्थ ‘ऐक’. पण मराठीतल्यासारखाच, ऐकणं म्हणजे नुसतं कानावर घेणं नाही, मानणं. "अकरा वर्षं सांगून राहिली, फोन करा भावाले. ऐकता काय?" ही म्हणाली. मी फोन लावला. म्हटलं, "तुझ्या पत्राचं उत्तर द्यायचं राहिलं. माझं चुकलं." पलीकडे बराच वेळ शांतता. मग घाबरलेला आवाज, "भाऊ, तब्येत बरी हाय ना? वहिनीले फोन द्या." हिनं दहा मिनिटं समजावलं की मला काही झालेलं नाही, हिब्रू झालीय.

पुढच्या रविवारी धुऱ्यावर भेटलो. पऱ्हाटीची शेवटची वेचणी होऊन गेली होती. दोन बाया ओटीत उरलेली बोंडं वेचत होत्या. आम्हाला पाहून कडेला झाल्या. मी म्हटलं, वेचा बाई. त्यांनी मान दुसरीकडे वळवली आणि वेचू लागल्या. मला दालेत दिसला. भावाला पेआ समजावून सांगितला. ते दोन तास तूही वाहू नको, मीही वाहत नाही. जे उगवेल ते, ज्याला लागेल त्याचं.

तो बराच वेळ मातीकडे पाहत होता. मग म्हणाला, "भाऊ, थे भाषा अकरा वर्षं आधी शिकले असते, तं वकिलाचे पैसे वाचले असते."

परतताना पवनारच्या पुलावर गाडी थांबवली. नातीला फोन लावायचा होता. तिला एक उत्तर द्यायचं राहिलं होतं. "यह्व ना," मी म्हटलं, "त्याचं नाव घेत नाहीत. त्याचं ऐकायचं असतं."

"आणि तुम्ही तर रोज नाव घेता!" ती म्हणाली.

मागच्या सीटवरून आवाज आला, "अहो, चला, उशीर होऊन राहिला."

ऐकलं.